वाईन, आयजीआय आणि भाचेबुवा

"रविवारी दिवसभर वाईन घेऊन बसलो होतो," असं मी फोनवर ताईला बोलून गेलो आणि पलीकडे एकदम शांतता! तेव्हा हे वाचणाऱ्या समस्त नातेवाईकांसाठी आधीच खुलासा: वाईन म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं एक सॉफ्टवेअर. (त्याच्याच जोडीला 'बॉटल्स' नावाचंही एक सॉफ्टवेअर आहे, पण ते मी ताईला सांगितलं नाही.)

झालं असं, की माळा आवरताना 'प्रोजेक्ट आयजीआय'ची सीडी सापडली. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने २००० साली काढलेला हा गेम. आपल्याकडे सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून ज्यांनी तो खेळलाय, त्यांना डेव्हिड जोन्सची ओळख करून द्यायला नको. एकटा माणूस, समोर अख्खा लष्करी तळ. दुर्बिणीतून पाहायचं, कॅमेरे बंद करायचे, गुपचूप आत शिरायचं. एकदा का अलार्म वाजला, की बराकीतून माणसं येतच राहतात. आणि मिशनच्या मधे सेव्ह नाही! अर्धा तास सरपटत गेलात आणि शेवटच्या वळणावर गोळी लागली, की पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा आम्ही या एका गोष्टीवरून गेम बनवणाऱ्यांचा उद्धार केला होता. पुढे २००३ च्या 'आयजीआय २' मध्ये मोजके सेव्ह मिळाले.

आता घरात विंडोज उरलेलं नाही, म्हणून वाईन. ही युक्ती मला फार आवडते. गेम बिचारा विंडोजलाच हाका मारत असतो, 'खिडकी उघड, हा आवाज वाजव, हे त्रिकोण रंगव'. विंडोजच्या जागी बसलेलं वाईन ओ देतं आणि कामं लिनक्सकडून करून घेतं. डायरेक्ट३डीतलं चित्र ओपनजीएलमध्ये काढून दाखवतं. गेमला पत्ताच नाही. १९९३ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती आली २००८ मध्ये. पंधरा वर्षं! कारण नुसतं 'विंडोजने काय करायला हवं' हे पाहून भागत नाही, ते प्रत्यक्षात काय करतं हे पाहावं लागतं. त्याच्या चुकासुद्धा जशाच्या तशा गिरवाव्या लागतात, कारण जुने प्रोग्रॅम त्या चुकांवरच विसंबून लिहिलेले असतात.

माझा रविवार मात्र पंधरा वर्षांसारखा वाटला. आधी काळा पडदा आणि मागे नुसता आवाज. मग वाईनच्या सेटिंगमध्ये जाऊन विंडोज ९८ असल्याचं सोंग घ्यायला लावलं, गेमला ८०० बाय ६०० ची वेगळी चौकट दिली, चौकटीबाहेर पळणारा माउस आत कोंडला. संध्याकाळी एकदाचं रेल्वे यार्ड दिसलं.

सुट्टीला आलेले भाचेबुवा (इयत्ता आठवी) लगेच खुर्चीत. पंचवीस मिनिटांनी आवाज आला, "मामा, सेव्ह कुठे असतं?" नसतं म्हटल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होता. "मग एखादा चीट टाक ना. नाहीतर लिनक्सवर काहीतरी जुगाड असेलच."

जुगाड करता आला असता. मी नाही म्हटलं, आणि त्यावरून घरात वाद झाला. ताईचं म्हणणं, एवढी हौस आहे तर यूट्यूबवर अख्खा गेम खेळलेला पाहायला मिळतो, पोराला कशाला रडवतोस? पण मला वाटतं, जुनी वस्तू ठेवायची तर तिच्या खोडीसकट ठेवावी. व्हिडिओत तळ दिसतो, पण कुंपणापाशी पालथं पडून 'आता उठू की नको' करताना छातीत होणारी धडधड दिसत नाही. ती त्या नसलेल्या सेव्हमुळेच आहे.

अर्थात प्रत्येक खोड जपावी असंही नाही. त्या काळच्या कित्येक सीड्यांवर 'सेफडिस्क' नावाचं कुलूप असायचं. विंडोज १० ने २०१५ साली त्याचा ड्रायव्हर काढून टाकला, सुरक्षेच्या कारणासाठी, आणि योग्यच केलं. पण त्यामुळे पैसे मोजून घेतलेली सीडी अडते आणि कुलूप तोडलेली चोरटी प्रत धडधडीत चालते, हा न्याय मला अजून पचलेला नाही. तो गेमचा भागच नव्हता, दुकानदाराचा पहारा होता. सेव्ह नसणं हा गेमचा भाग आहे. माझी रेघ मी इथे ओढतो, तुमची वेगळी असेल तर जरूर कळवा.

असो. दोन दिवस भाचा रुसला होता. काल चहा घेऊन गेलो तर कॉम्प्युटर बंद, आणि हा जमिनीवर पालथा पडून गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर क्षेपणास्त्र तळाचा नकाशा काढतोय. कॅमेरे लाल पेनाने, पहारेकऱ्यांच्या फेऱ्या तुटक रेषेने. मला म्हणाला, "मामा, या टॉवरवरचा माणूस किती वेळाने वळतो, मोजलंयस कधी?"

मोजलं नव्हतं.