‘हौशी’ ही शिवी कधी झाली?

मराठी समीक्षेत ‘हौशी’ हा शब्द एकदा कोणाच्या लेखनाला चिकटला, की ते वाचण्याचे कारणच उरत नाही. तीस-पस्तीस वर्षे दुसऱ्याच कामात घालवून पन्नाशी-साठीत कोणी पुन्हा वही उघडली, की हा शिक्का मारायला आपली विद्वत्मंडळी तत्पर असतात. ‘निवृत्तीनंतर सुचलेली कविता’ हा तर चहाच्या वेळचा हुकमी विनोद. ह्या विनोदाला आमचा आक्षेप आहे, आणि तो सौजन्यापोटी नाही. ह्या हसण्यात मराठी साहित्याचे नुकसान आहे, आणि ते पाहायचे असेल तर चिंचवडसारखी जागा नाही.

पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आला तो १९५४ साली. साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, त्यांच्यामागून त्यांना सुटे भाग पुरवणारी असंख्य लहान वर्कशॉपे आली. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. साताऱ्या-सोलापुरापासून मराठवाडा-खानदेशापर्यंतची मुले आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन ह्या पट्ट्यात उतरली, टर्नर-फिटर झाली, खोल्यांतून चाळींत आणि चाळींतून फ्लॅटांत गेली. त्या पिढीच्या हातात आता वेळ आहे. काहींच्या हातात तो अकाली आला : आकुर्डीच्या बजाज कारखान्यातले उत्पादन २००७ साली थांबले, तेव्हा ‘आता सकाळी उठून करायचे काय’ हा प्रश्न अनेक घरांत एकदमच शिरला असणार. कोणी भजनी मंडळात गेले, कोणी नातवाच्या वयाच्या मुलांशेजारी सतरंजीवर बसून पेटी शिकू लागले, कोणी जलरंग आणले. आणि काहींनी शाळेत असताना सुटलेले लेखन पुन्हा धरले. आम्हांस बोलायचे आहे ते ह्या शेवटच्यांविषयी.

हे लोक लिहितात काय? चंद्र, पाऊस, आई, शिवराय, आणि पुन्हा पाऊस. हसणाऱ्यांचा मुद्दा इथे खरा आहे, तो आम्ही नाकारत नाही. पण कारण कोणी विचारत नाही. आयटीआयला गेलेल्या मुलाचे मराठी दहावीला संपते. त्यापुढे वेल्डिंग असते, ड्रॉइंग वाचणे असते, भाषा नसते. चाळीस वर्षांनी तो लेखनाकडे परततो तेव्हा जिथे ते सोडले होते त्याच बाकावर परततो, आणि त्या बाकावर कविता म्हणजे चंद्र-पाऊसच होती. ज्याने उभा जन्म मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पकडला, सुपरवायझरशी त्यावरून भांडण केले, तोच माणूस कवितेत ‘अथांग’, ‘अनंत’, ‘असीम’ असले ढिले शब्द बिनदिक्कत वापरतो. साहित्यात टॉलरन्स नसतो अशी त्याची समजूत कोणी करून दिली? त्याने स्वतः खास नव्हे. ती आपल्या पाठ्यपुस्तकांनी करून दिली, आणि ती दूर करणे हे ज्यांचे काम, ते लांबून हसत आहेत.

वास्तविक हा माणूस सगळी वर्षे लिहीतच होता. पाळी बदलताना लॉगबुकात नोंद करावी लागते : मशीन किती वाजता बंद पडले, त्याआधी कसला आवाज येत होता, कूलंट कुठून गळत होते, काय करून पाहिले आणि त्याने काय झाले नाही. पुढच्या पाळीच्या माणसाला ती वाचून हात घालायचा असतो, म्हणून तीत विशेषणाला जागा नसते. मराठी गद्याचा हा एक अस्सल, अनलंकृत आणि जबाबदार नमुना आहे. आमच्या माहितीत कोणत्याही साहित्यविभागाने तो गद्य म्हणून वाचलेला नाही. बखरी वाचतो, महानुभावांच्या गद्याची वाक्यरचना तपासतो, ते योग्यच आहे. पण चिंचवडच्या एखाद्या वर्कशॉपातले लॉगबुक रद्दीत जाते तेव्हा आपल्याला काहीच वाटत नाही.

ह्यावर ठरलेले उत्तर असे की खरा लेखक वाट पाहत नाही, तो विशीतच प्रकट होतो. हे उत्तर देणाऱ्यांनी आपलाच अभ्यासक्रम पुन्हा एकदा उघडून पाहावा. लक्ष्मीबाई टिळक लिहायला-वाचायला शिकल्या त्याच लग्नानंतर, आणि ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडलेली होती. त्या पुस्तकाचे बळ हेच की त्यांनी ‘साहित्यिक’ होण्याची खटपट केली नाही, घरात जशा बोलत तशा लिहिले. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ १९६२ साली प्रसिद्ध झाले तेव्हा ते पस्तिशीत होते. आणि चिंचवडहून जवळच्या देहूचे ते वाणी? दुष्काळाने दुकान बुडवले, घरची माणसे नेली, त्यानंतरचे त्यांचे शब्द आपण चार शतके म्हणतो आहोत. चिंचवडच्या देवांनी तुकोबांना जेवायला बोलावल्याची कथा परंपरेत आहे. कथा म्हणूनच घ्यावी. पण निदान पंक्तीला बोलावण्याची रीत तरी तीत दिसते.

‘ते अपवाद होते, प्रतिभावंत होते,’ असे म्हणाल. होते. पण वही उघडण्याआधी प्रतिभेचा दाखला कोणाच्याच खिशात नसतो, आणि जी वही न वाचताच बाजूला सारली जाते तिच्यात अपवाद होता की नाही हे कळणार कसे?

आता दुसऱ्या बाजूच्या मंडळींविषयीही बोलले पाहिजे, कारण हसणाऱ्यांपेक्षा गोंजारणारे अधिक घातक आहेत. ‘लिहा, मन मोकळे होईल’, ‘छंद जोपासा, ताण कमी होईल’ हा उपदेश हल्ली सर्वत्र मिळतो. शाल-नारळ देणारी संमेलने आहेत, लेखकाकडूनच खर्च घेऊन पुस्तक काढणारे प्रकाशक आहेत, आणि ओळ संपण्याआधी ‘वा!’ उमटवणारे मोबाइलवरचे गट आहेत. लेखनाला रक्तदाबाच्या गोळीच्या रांगेत बसवले, की ते चांगले आहे की वाईट हा प्रश्नच उरत नाही. गोळी लागू पडली की झाले.

मराठीत मौज अशी की ‘छंद’ ह्या एकाच शब्दात नादही आहे आणि नियमही. माधवराव पटवर्धनांच्या ‘छंदोरचने’तला छंद आणि पेटी शिकणाऱ्या निवृत्त फोरमनचा छंद हे शब्द म्हणून वेगळे नाहीत. मात्रा मोजाव्या लागतात, बोट चुकले तर सूर चुकतो. अनिल अवचट लाकडात मूर्ती कोरत, ओरिगामी करत, बासरी वाजवत, आणि ह्या सगळ्यावर त्यांनी ‘छंदांविषयी’ हे पुस्तक लिहिले. त्यांचा छंद कामचुकार नव्हता : कागदाची घडी चुकली की ती उलगडून पुन्हा घालायची. ज्याला वयाच्या साठाव्या वर्षी नवशिका होण्याची लाज वाटत नाही, त्याला दुरुस्ती सांगितलेलीही चालते. कारखान्यात त्याचे ‘जॉब’ रिजेक्ट होत असत, त्याने तो अपमान मानला नव्हता. खोटे कौतुक करून आपण त्याला लहान मूल ठरवतो.

आणि पणाला लागले आहे ते काही थोडके नाही. मुंबईच्या गिरणगावाला अण्णा भाऊ साठे मिळाले, सुर्वे मिळाले. संप मोडल्यानंतरच्या घरांना जयंत पवारांचे ‘अधांतर’ मिळाले. पिंपरी-चिंचवड-चाकणच्या वाट्याला त्या तोडीचे काय आले? १९८९ साली टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले, ती रात्र आतून कोणी लिहिली? कायम आणि कंत्राटी एकाच लाइनवर एकच काम करतात आणि वेगळा पगार घेतात, त्या दोघांमधले बोलणे कोणत्या कादंबरीत आहे? रात्रपाळीवाल्याच्या घरात दिवसा मुलांना गप्प ठेवणाऱ्या बाईचे आयुष्य कुठे आहे? २०१६ साली अखिल भारतीय साहित्य संमेलन पिंपरीतच भरले. मांडव उठला आणि हे प्रश्न जिथल्या तिथे राहिले. ज्यांना ह्यांची उत्तरे ठाऊक आहेत ते आज सत्तरीच्या आसपास आहेत आणि चंद्रावर लिहीत आहेत.

म्हणून मराठीच्या अध्यापकांकडे आमची मागणी अगदी साधी आहे. आपल्या महाविद्यालयाची एक खोली आठवड्यातून एक संध्याकाळ उघडी ठेवा. शाल नको, अध्यक्ष नको, दीपप्रज्वलन तर नकोच. समोरचा माणूस वही देईल ती हातात पेन्सिल घेऊन वाचा, विद्यार्थ्यांनाही वाचायला लावा, आणि ‘अथांग’खाली रेघ मारून त्याला विचारा : किती खोल? मग त्याला सांगा, पुढच्या आठवड्यात कविता आणू नका. तुमच्या मशीनने शेवटचा बिघाड केला त्या रात्रीची नोंद आणा, लॉगबुकात लिहिली असती तशीच, फक्त त्या वेळी शेजारी कोण उभे होते तेवढे त्यात घाला.