शेवाळ उचलू नका



‘किनाऱ्यावरचे कुजके शेवाळ यंत्राने उचला, माश्या आपोआप जातील,’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही. इकडे ब्रिटनच्या उत्तर समुद्राकाठी हिवाळी वादळांनी केल्प या समुद्री शेवाळाचे ढीग येऊन पडतात. बाहेर हिम असले तरी आत कुजण्याची ऊब असते, म्हणून ‘सीलोपा फ्रिजिडा’ ही माशी ऐन थंडीतही वाढते. तिच्या अळ्या कुजवणाऱ्या जिवाणूंवर जगतात. पुढचे मोठे उधाण ढीग ओढून नेण्याआधी त्यांची वाढ पुरी व्हावी लागते. अन्नाची चणचण असलेल्या त्याच महिन्यांत टर्नस्टोनसारखे पक्षी या ढिगांतून अळ्या टिपतात. माश्यांचा त्रास होतो खरा, पण त्या चावत नाहीत. प्लास्टिक जरूर वेचा, तेही हाताने.

— एक वाचक, न्यूकॅसल