पुन्हा वंशाचाच विषय? होय, पुन्हा तोच!

१८ ऑगस्ट २०१६ च्या रात्री अमेरिकेतील कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवरचा 'द नाइटली शो' बंद झाला. लॅरी विल्मोर हा कृष्णवर्णीय विनोदकार रात्री साडेअकरा वाजता पडद्यावर यायचा आणि आपल्या देशातील वंशद्वेषाची हजेरी घ्यायचा. हा कार्यक्रम सुरू झाला १९ जानेवारी २०१५ रोजी, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीच्या सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी. त्याला दोन वर्षेही पुरी करू दिली नाहीत. अध्यक्षपदाची निवडणूक तीन महिन्यांवर आली असताना वाहिनीने कारण दिले की, कार्यक्रम प्रेक्षकांना भिडत नाही.

मुळात प्रश्न असा आहे की, कोणत्या प्रेक्षकांना?

प्रेक्षकसंख्या कमी होती, हे आम्ही नाकारत नाही. त्याच वेळेला आधी नऊ वर्षे स्टीफन कोलबेर यांचा कार्यक्रम चालत असे आणि त्याचा प्रेक्षक विल्मोरकडे टिकला नाही. काही रात्री चर्चा रंगत नसे, हेही खरे. पण नाराज प्रेक्षकांचे आक्षेप पाहा. 'सारखा वंशाचाच विषय काढतो', 'समाजात फूट पाडतो' आणि 'हसू येत नाही'. ही तीन वाक्ये आंबेडकरी तरुणाला शिकवावी लागत नाहीत. 'वंश' काढून 'जात' घाला, कॉलेजच्या कट्ट्यापासून ऑफिसच्या कँटीनपर्यंत ती रोज ऐकू येतात. म्हणून त्यांचा समाचार इथे घेतलाच पाहिजे.

पहिला आक्षेप, सारखा तोच विषय. पण विषय विल्मोरने आणला होता काय? त्या जानेवारीत ऑस्करच्या अभिनयाच्या वीसही नामांकनांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. एप्रिलमध्ये बाल्टिमोर शहरात फ्रेडी ग्रे हा पंचवीस वर्षांचा तरुण पोलिसांच्या ताब्यात जखमी होऊन मरण पावला. जूनमध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये एका गोऱ्या बंदूकधाऱ्याने नऊ कृष्णवर्णीयांना ठार केले, आणि फॉक्स न्यूजवर हा धर्मश्रद्धेवरचा हल्ला असेल का, अशी चर्चा रंगवली गेली. विल्मोरने त्या टाळाटाळीचे वाभाडे काढले. घटना रोज घडत असतील तर बोलणाराही रोज बोलणार. घाव घालणाऱ्याला कोणी विचारत नाही की, बाबा रे, सारखा तोच घाव का घालतोस? 'पुन्हा तेच' हा दोष मात्र विव्हळणाऱ्याच्या माथी!

दुसरा आक्षेप, फूट पाडण्याचा. भिंत कोणी बांधली आणि भिंतीकडे बोट कोणी दाखवले, यातला फरक ज्यांना सोयीने दिसत नाही त्यांचा हा युक्तिवाद आहे. विल्मोरच्या कार्यक्रमात एक खेळ असे. पाहुण्याला अडचणीचा प्रश्न विचारायचा आणि शंभर टक्के खरे उत्तर मागायचे. कोणी गुळमुळीत उत्तर दिले की त्याला पाणचट चहा म्हणून चहाच्या पुड्या मिळत. आपल्याकडच्या तथाकथित पुरोगाम्यांना हा खेळ खेळायला लावला तर किती पुड्या वाटाव्या लागतील! 'मी जात मानत नाही' म्हणणाऱ्याला एवढेच विचारा की, तुमच्या घरातल्या शेवटच्या पाच लग्नांत किती जाती आल्या?

तिसरा आक्षेप सर्वांत चलाख आहे : आम्हाला विषयाचे वावडे नाही, फक्त विनोद जमला नाही. विनोद जमला की नाही हे कोण ठरवणार? इथे डेव्ह शॅपेल याचे उदाहरण लक्षात ठेवावे. २००५ साली त्याने पाच कोटी डॉलरचा करार आणि अर्धवट राहिलेले चित्रीकरण सोडून दक्षिण आफ्रिका गाठली. पुढे त्याने कारण सांगितले. वंशभेदाच्या साचेबंद प्रतिमांची टर उडवणारा एक प्रवेश चालू असताना चित्रीकरणाच्या जागी एक गोरा माणूस हसला आणि त्या हसण्याने तो अस्वस्थ झाला. आपण वंशद्वेषावर हसवतो आहोत की वंशद्वेष्ट्याला हसण्याचे निमित्त पुरवतो आहोत, ही शंका त्याला खाऊ लागली. एकाच विनोदावर दोन माणसे दोन वेगळ्या कारणांनी हसतात. ज्याच्यावर हसू यायला हवे तोच जेव्हा मोकळेपणाने हसतो, तेव्हा विनोदाची दिशा तपासावी लागते. आणि ज्या विनोदाने तो हसायचा थांबतो, त्याला तो 'जमला नाही' म्हणतो!

याचा अर्थ शोषितांचे सगळे प्रेक्षक एका सुरात बोलतात असा नाही. ३० एप्रिल २०१६ रोजी पत्रकारांच्या वार्षिक भोजनात विल्मोरने राष्ट्राध्यक्ष ओबामांना उद्देशून जो शब्द वापरला, तो गुलामांना हिणवण्यासाठी शतकानुशतके वापरला गेला आहे. त्याने तो आपुलकीने वापरला. कृष्णवर्णीयांतच त्यावर वाद पेटला. काही म्हणाले, घरातली हाक आहे. काही म्हणाले, त्या भरलेल्या सभागृहात ती हाक मारायची नव्हती. आम्हाला हा वाद निरोगी वाटतो. तो अपमान झेललेल्यांनी आपसात घातलेला होता.

आता आपल्याकडे वळू. २०१२ साली एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातील शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावर संसदेत वादळ झाले. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. आपण आक्षेप घेतला तेव्हा ऐकवण्यात आले की तुम्हाला विनोदबुद्धी नाही. पुण्यात एका सल्लागार प्राध्यापकाच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तिचे समर्थन आम्ही तेव्हा केले नाही, आज करणार नाही. तोडफोडीने प्रश्न बाजूला पडला आणि विरोधकांना आयता मुद्दा मिळाला. खरा प्रश्न होता तो दिशेचाच. पुढे २०१९ साली उन्नमती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक जुनी व्यंगचित्रे एका ग्रंथात एकत्र करून ते हसू कोणाचे होते हे पुराव्यानिशी दाखवले. प्रतिवाद असा करायचा असतो.

आणि विनोदबुद्धी नाही असे कोणाला म्हणता? १८५५ साली जोतीराव फुले यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात भटजी कुणबी जोडप्याला नाडतो आणि विदूषक मध्ये मध्ये तोंड घालून त्याचे पितळ उघडे पाडतो. दक्षिणा प्राइज कमिटीने ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे ते नाटक नाकारले. म्हणजे 'प्रेक्षकांना भिडत नाही' हे कारण आपल्या विदूषकाने विल्मोरच्या दीडशे वर्षे आधीच ऐकले होते. ज्या फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली, त्यांचा विदूषक आणि विल्मोर एकाच बिरादरीचे आहेत. नाटक नाकारले म्हणून चळवळ थांबली नाही. सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले, त्यानंतर भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे उभे राहिले. त्यांचा मंच लोकांच्या दारात होता, म्हणून तो बंद करायला कोणी मालक नव्हता.

विल्मोरकडे प्रतिभा होती, धैर्य होते, रॉबिन थीडसारखी कर्तबगार मुख्य लेखिका होती. नव्हती ती वाहिनीची मालकी. आपल्या तरुणांनी यातून हाच धडा घ्यावा. आज मोबाइलवर आपली मुले रॅप करतात, मंचावर विनोद सांगतात, आरक्षणावरच्या टवाळीला सडेतोड उत्तर देतात. त्यांचे व्हिडिओ पाहून नुसता 'जय भीम' लिहून पुढे जाऊ नका. तिकीट काढा, वर्गणी द्या, जयंतीच्या डीजेवर उधळले जाणारे थोडे पैसे त्यांच्या मंचाकडे वळवा. विनोद फसला तर तोंडावर सांगा, पण परक्याच्या मापाने मोजू नका.

आणि कोणी विचारलेच, पुन्हा जातीचाच विषय का, तर शांतपणे सांगा : तुम्ही जात सोडा, आम्ही विषय सोडतो.

जय भीम!