मंत्र आणि मंत्री

कोथरुडांत पेशव्यांच्या काळचें मृत्युंजयेश्वराचें देऊळ आहे, आणि त्याच कोथरुडचे आमदार २०२४ सालीं पुन्हा राज्याचे मंत्री झाले. देवळांत मंत्र चालतो, मुंबईस मंत्रालयांत मंत्री बसतो. हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत, हें आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंच्या सहसा ध्यानांत येत नाहीं.

मंत्र म्हणजे भटजीच्या तोंडचें वचन, आणि मंत्र म्हणजे गुप्त मसलतही. ती मसलत देणारा तो मंत्री. इंग्रजी भाषेंतही पाद्र्याचें काम व प्रधानाचें काम यांस मिनिस्ट्री हा एकच शब्द आहे. परंतु त्याचें लॅटिन मूळ 'चाकर' या अर्थाचें. आमच्या शब्दाच्या पोटांत चाकरी नाहीं, गुपित आहे.

शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांत धर्माचें काम पंडितरावांकडे होतें. आणि मंत्री हें नांव कोणास होतें? वाकनिसास, म्हणजे राजाच्या रोजच्या कारभाराचीं टिपणें ठेवणारास! पुढें मुख्य प्रधान जो पेशवा तोच धनी झाला, आणि रयतेचा पैसा श्रावणमासीं पर्वतीच्या रमण्यांत ब्राह्मणांस दक्षिणा म्हणून वांटला जाऊं लागला. कुणब्याच्या वांट्यास काय आलें, तें आम्हीं सांगावयास नको.

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापिला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भटावांचून लग्न लागलें. वधूवर काय बोलतात तें मांडवांतल्या माणसास कळलें, एवढेंच त्यांत नवल; पण तेवढ्यानेंही भिक्षुकांचें पित्त खवळलें. पुढें कोल्हापूर दरबारचे भास्करराव जाधव यांनीं 'घरचा पुरोहित' हें पुस्तक लिहिलें, आणि तेच भास्करराव १९२० नंतरच्या दशकांत मुंबई इलाख्याचे मंत्री झाले. पुरोहिताचा मंत्र असा घरोघर मोकळा झाला. मंत्र्याचा मंत्र अजून पुरता मोकळा झालेला नाहीं.

राज्यघटनेच्या १६४ व्या कलमाप्रमाणें मंत्री पदाची व गुप्ततेची अशा दोन शपथा घेतो. मंत्र्यांनीं राज्यपालांस काय सल्ला दिला, याची चौकशी न्यायालयासही करतां येत नाहीं. गुप्तता सर्वथा वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. रस्ता कोणत्या शिवारांतून जाणार तें आधीं फुटलें, तर शेतकऱ्याच्या आधीं दलाल बांधावर येऊन उभा राहतो. परंतु निर्णय होऊन प्रकरण पुरें झाल्यावर झांकावयाचें काय? २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याचें आठवें कलम सांगतें कीं, मग मंत्रिमंडळाचा निर्णय, त्याचीं कारणें व तो ज्यावरून घेतला तें साहित्य लोकांस खुलें झालें पाहिजे. मात्र कायद्याच्या दुसऱ्या अपवादांत तें बसतां कामा नये.

कोथरुडच्या शेतांवर इमारती कधींच उभ्या राहिल्या. आसपासचीं गांवें त्याच वाटेवर आहेत. ज्या गांवची जमीन गेली, ज्या कारागिरांची वस्ती उठली, त्यांनीं हीं कारणें लेखी मागावीं. अर्जास दहा रुपये पडतात, आणि दारिद्र्यरेषेखालच्यास तेही नाहींत; सत्यनारायणाच्या दक्षिणेहून हें स्वस्तच! अर्ज मराठींत चालतो, आणि सरकारी माहिती अधिकाऱ्यास तीस दिवसांत उत्तर द्यावें लागतें. 'कशाला पाहिजे?' असें त्यानें विचारल्यास कारण सांगण्याचें बंधन नाहीं. न मिळाल्यास वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करावें. अर्जाची पोंच मात्र हातीं घेतल्याखेरीज कचेरीची पायरी उतरूं नये.