तोट्याची फेरी कोणाच्या खाती?

एस.टी.च्या तोट्याचे आकडे प्रसिद्ध झाले, की तिच्या खासगीकरणाची मागणी पुन्हा डोके वर काढते. नफा हीच कार्यक्षमतेची एकमेव कसोटी मानली, तर ही मागणी बिनतोड वाटेल. पण ती कसोटी येथे लावावी काय, हा खरा प्रश्न आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली. खासगी मोटारी त्यापूर्वीही होत्या. उतारू थोडे असले तरी गाडी सुटेल, ही हमी नव्हती. गर्दीच्या मार्गांवरील उत्पन्नातून आडवळणाच्या फेऱ्या चालवायच्या, हे एस.टी.चे गणित. कंत्राटी परवान्यावर टप्पा वाहतूक करणाऱ्या खासगी आरामगाड्यांनी नेमके तेच उत्पन्न ओढून घेतले. मुक्कामी गाडी मात्र महामंडळाच्याच वाट्याला राहिली.

२०२१ च्या दिवाळीपासून एप्रिल २०२२ पर्यंत लांबलेल्या संपात शासनाने खासगी बसगाड्यांना, इतकेच नव्हे तर मालवाहू वाहनांनाही, उतारू नेण्याची मुभा दिली. परंतु पासावर तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या मुलीला वडापच्या जीपमध्ये त्या पासाचा काय उपयोग? खिशात रोख भाडे नसणाऱ्याला वाहन दारात असूनही नसल्यासारखेच.

१९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याने महामंडळावर दुहेरी बंधन घातले आहे: सेवा पुरेशी व काटकसरीची असावी आणि कारभार व्यापारी तत्त्वावर चालावा. या दोहोंतील अंतर कोणी भरून काढायचे? पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ मध्ये मोफत प्रवास आणि महिलांना २०२३ मध्ये निम्मे भाडे, या सवलती स्वागतार्हच आहेत. पण जेथे गाडीच जात नाही, तेथे सवलत कोणाला? जानेवारी २०२५ मधील सुमारे १५ टक्के भाडेवाढीने तर हा भार उतारूंवरच टाकला.

नादुरुस्त गाड्या आणि अनियमित वेळा यांचे समर्थन कोणी करू नये. तथापि गैरकारभाराचा तोटा आणि लोकसेवेचा खर्च यांचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे. पहिल्याचा जाब महामंडळाला विचारावा. दुसऱ्याची तरतूद अर्थसंकल्पात उघडपणे करावी. खेड्यातील शाळेने नफा मिळवावा, असे आपण म्हणत नाही. मग त्या शाळेपर्यंत पोहोचवणाऱ्या गाडीनेच तो का मिळवावा?