थकवा हा स्त्रीचा स्वभाव नव्हे

जिना चढतांना धाप लागणें, डोळ्यांपुढें अंधारी येणें, ह्या तक्रारी अलिबाग-चौलकडील घरोघरीं ऐकूं येतात, आणि ‘बायकांचें असेंच असावयाचें’ म्हणून सोडून दिल्या जातात. त्यांच्या मुळाशीं पुष्कळदां रक्तक्षय असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ जणींस तो आढळला.

पाळींतील अतिस्राव, लागोपाठचीं बाळंतपणें, जंत, आणि सर्वांमागून उरलेंसुरलें जेवणें, हीं त्याचीं प्रमुख कारणें होत. शाकाहारांतील लोह अंगीं कमी लागतें. जेवणावर लगेच चहा घेतल्यास आणखीच कमी. म्हणून वालाच्या उसळीवर लिंबू पिळावें व चहा तासाभरानें घ्यावा. परंतु केवळ आहारावर विसंबूं नये. रक्त तपासून हिमोग्लोबिन १२ ग्रॅमहून, गरोदरपणीं ११ हून, कमी भरल्यास डॉक्टरांच्या सल्ल्यानें लोहाच्या गोळ्या घ्याव्या. त्यांनीं शौचास काळें झाल्यास भिऊं नये. स्राव सात दिवसांहून अधिक चालल्यास, किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हां रक्त दिसल्यास, तपासणी लांबवूं नये.

कांहीं काळ अलिबागेस राहिलेल्या आनंदीबाई जोशी यांनीं १८८३ सालीं सेरामपूर येथील भाषणांत, पुरुष डॉक्टरांपुढें स्त्रियांस वाटणारा संकोच हें आपल्या अमेरिकेस जाण्याचें एक कारण सांगितलें. १८८६ त त्या डॉक्टर झाल्या. आज स्त्री-डॉक्टर आहेत. संकोच मात्र घरांतच उरला आहे. तो घालविणें वडीलधाऱ्या स्त्रियांच्या हातीं आहे. सासूबाईंनीं सुनेचें पान आपल्या शेजारीं मांडावें, आणि तपासणीस तिच्याबरोबर स्वतः जावें, अशी आमची विनंती आहे.