एकाच पट्ट्यावरचे दोन पगार

नाशिक रोडच्या पूर्वेला एकलहऱ्याचं औष्णिक वीज केंद्र आहे. पावसाळ्यात भिजलेला कोळसा अशा केंद्रांची परीक्षा बघतो. तो वाघिणीतून सुटत नाही, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर पडायच्या आधीच चिकटून बसतो. मग पहारी घेऊन माणसंच त्याला मोकळं करतात. राज्यातल्या वीज केंद्रांत अशा कामावर कायम कामगार आणि ठेकेदाराचा माणूस खांद्याला खांदा लावून राबतात. भुकटी दोघांच्याही नाकातोंडात जाते. पगार मात्र दोन.

नेमून दिलेलं काम दोघेही करतात. पण पट्ट्याचा आवाज बदललाय हे ज्याच्या कानाला आधी कळतं, त्यानं धावत जाऊन सांगणं कुठल्या करारात लिहिलेलं असतं? संघ चालतो तो अशा न लिहिलेल्या कामांवर, आणि पगारातल्या तफावतीची पहिली झळ या कामांनाच बसते.

एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शमदासानी या अर्थतज्ज्ञांनी ओडिशात ३७८ मजुरांवर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिघातिघांचे गट, काम एकच. काही गटांत मजुरी सारखी, काहींत वेगवेगळी. कोण किती काम करतो हे डोळ्यांना दिसत नव्हतं, तिथे वेगळ्या मजुरीच्या गटांत उत्पादन घसरलं, हजेरी १८ टक्केबिंदूंनी खाली आली. हातावर पोट असलेली माणसं रोजावर पाणी सोडून घरी बसली! मात्र जास्त मिळवणारा खरोखरच जास्त काम करतो हे स्पष्ट दिसत होतं, तिथे काहीच बिघडलं नाही.

मला हा दुसरा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. फिटरला हेल्परपेक्षा जास्त मिळालं तर कुणी तोंड वाकडं करत नाही. ठेकेदाराच्या माणसाला कमी का, याचं उत्तर मात्र त्याच्या हातातल्या कामात सापडत नाही, ते फक्त त्याच्या गेटपासवर असतं.

ठेकेदाराच्या कामगाराला त्याच कामासाठी कायम कामगाराइतकंच वेतन द्यावं, ही अट कंत्राटी कामगारांविषयीच्या केंद्राच्या १९७१ च्या नियमांतच होती. २०१६ मध्ये पंजाबातल्या हंगामी कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही बजावलं, की कमी पगार माणूस राजीखुशीनं घेत नाही. तेव्हा निविदा काढतानाच कामागणिक दर ठरवा, आणि कायम कामगाराची श्रेणी नि ठेकेदाराचा दर गेटवर शेजारी शेजारी लावा. फरकाचं कारण कामातून सांगता येत नसेल, तर तेवढी रक्कम त्या माणसाच्या खात्यात जमा झाली पाहिजे.